वाचलेला कर संस्थेचाच

पोरी, मार्च लागला की आपल्या नागपुरात धरमपेठेतल्या सीएंच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो : ‘ऐंशी जी’ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती कुठून मिळेल? विचारणारी माणसं भली असतात, पण सुरुवात शेवटाकडून करतात. आधी संस्था, मग रक्कम, मग पावती आणि सगळ्यात शेवटी कर, असा क्रम ठेवलास तर तुझा पैसा योग्य हातात जाईल आणि करातही जे मिळायचं ते मिळेल. मी आयुष्यभर बँकेत काम केलं आणि निवृत्तीनंतर एका लहान संस्थेची खजिनदार झाले. देणाऱ्यांचीही बाजू पाहिली, घेणाऱ्यांचीही. त्यातून जे कळलं ते आता तुझ्या कानात घालते. तू ते पुढे तुझ्या भावंडांच्या कानात घाल.

किती वाचतं ते आधी नीट मोज

‘अर्धे पैसे परत मिळतात’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं होत नाही. बहुतेक स्थानिक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम तुझ्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. वजा होतं ते उत्पन्न, कर नव्हे. तू दहा हजार दिलेस तर उत्पन्नातून पाच हजार कमी होतात. तू ३० टक्क्यांच्या टप्प्यात असशील तर त्या पाच हजारांवरचा कर दीड हजार, आणि ४ टक्के उपकर धरून तुझे १,५६० रुपये वाचतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात १,०४० वाचतात आणि ५ टक्क्यांच्या टप्प्यात २६०.

शिवाय वरची एक मर्यादा आहे. इतर वजावटी गेल्यावर जे उत्पन्न उरतं, त्याच्या दहा टक्क्यांपर्यंतची देणगीच यात धरतात. ते उत्पन्न आठ लाख असेल तर ८० हजारांपर्यंतची देणगी धरली जाईल आणि तिच्या निम्मे, म्हणजे ४० हजार वजा होतील. प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी अशा काही मोजक्या निधींना पूर्ण शंभर टक्के वजावट आहे आणि ही मर्यादाही नाही. आपल्या गल्लीतल्या संस्थेला मात्र पन्नास टक्क्यांचाच नियम लागतो, हे धरून चाल.

एक लक्षात ठेव. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला आहे आणि जुनं कलम ८०जी आता त्यात कलम १३३ झालं आहे. लोकांच्या तोंडी ‘ऐंशी जी’च राहणार, म्हणून मीही तेच म्हणते. फॉर्मचे क्रमांक असेच बदलत राहतात. तू क्रमांकापेक्षा त्या कागदाचं काम काय ते लक्षात ठेव.

तुला ही वजावट लागू आहे का, ते पाहा

नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही, आणि आपण काही निवडलं नाही तर आपोआप नवीच प्रणाली लागते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच भरावा लागत नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असल्याने ही रक्कम पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. म्हणजे तुझ्या वयाच्या बहुतेक मुलामुलींना या सवलतीचा एक रुपयाही उपयोग नाही. केवळ देणगीसाठी जुन्या प्रणालीत जाऊ नकोस. घरकर्ज, घरभाडं, विमा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळं धरून जुनी प्रणाली फायद्याची ठरत असेल, तरच देणगीची वजावट त्यात जोड.

कर नाही म्हणून देणगी थांबवायची का? ज्यांच्यासाठी द्यायचं त्यांची गरज तुझ्या करप्रणालीवर ठरत नाही. आणि सवलत मिळणार नसली तरी पॅन देऊन रीतसर पावती घे. त्यामागे संस्थेचं हित आहे, ते पुढे सांगते.

वाचलेला कर परत त्याच संस्थेला दे

माझा मुख्य कानमंत्र हाच. देणगीवर कर वाचला की ते पैसे आपल्या खर्चात मिसळू देऊ नकोस. पुढच्या वर्षीच्या देणगीत ते आधी घाल आणि मग आपली रक्कम ठरव.

इंग्लंडमध्ये ‘गिफ्ट एड’ नावाची पद्धत आहे. तिथे करदात्याने एक पौंड दिला की सरकार त्यावर पंचवीस पेन्स थेट संस्थेला देतं. देणाऱ्याने भरलेल्या मूळ दराच्या कराचा तो भाग संस्थेकडे वळतो. अमेरिकेत ॲरिझोनासारख्या राज्यात पात्र संस्थेला दिलेली रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत राज्याच्या करातूनच पूर्ण वजा होते, म्हणजे सगळा लाभ देणाऱ्याकडे जातो. आपल्याकडची सवलतही देणाऱ्याच्याच हाती पडते, फक्त ती लहान असते. तिला इंग्लंडसारखं संस्थेकडे वळवायला कोणत्याही कायद्याची गरज नाही, तुझी सवय पुरेशी आहे. यंदा दहा हजार दिलेस आणि १,५६० वाचले, तर पुढच्या वर्षी ११,५६० दे. तुझ्या खिशातून आधीसारखेच दहा हजार गेले आणि संस्थेला मात्र जास्त मिळाले.

विचार कर, तो कर सरकारने तुला सोडला तो कशासाठी? जे काम सरकारला जमलं नाही किंवा पुरं पडलं नाही, ते कुणीतरी करतंय म्हणून. ते पैसे त्या कामाकडेच गेले पाहिजेत. आपण ते घरखर्चात वापरले तर कायद्याने गुन्हा नाही, पण सवलतीमागचा हेतू अपुरा राहतो.

संस्था तपासताना चार कागद माग

आपल्या भागात कामाची परंपरा मोठी आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. श्रद्धानंदपेठेत श्रद्धानंद अनाथालय आहे. राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल कॅन्सर रिलीफ सोसायटी चालवते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन १९४६ पासून आहे, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन १९४९ पासून. वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस सोडलेल्या दिव्यांग मुलांना घर दिलं, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही नावं आदराने घ्यावीत अशीच आहेत. तरी ज्या वर्षी ज्या संस्थेला देशील, त्या वर्षी त्या संस्थेचे कागद पाहायचेच. त्यात अविश्वास नाही. चांगल्या संस्थेला तपासणारा देणगीदार आवडतो, कारण तो टिकतो.

पहिला कागद धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदणी लागते. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थेचा क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो, इतर अनेक ट्रस्टांचा ‘ई’ने, आणि पुढे कंसात जिल्हा असतो. नागपुरात सह धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे आणि नावाने संस्था शोधण्याची सोय त्यांच्या संकेतस्थळावरही आहे. विश्वस्त कोण हे तिथून कळतं. सगळे विश्वस्त एकाच घरातले असतील तर थोडं थांब आणि अधिक चौकशी कर.

दुसरा कागद आयकर खात्याच्या ८०जी मंजुरीचा. त्यावर मंजुरीचा क्रमांक असतो आणि ती कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आहे हे लिहिलेलं असतं. पूर्वी एकदा मिळालेली मंजुरी चालत राहायची. आता नव्या संस्थेला तात्पुरती तीन वर्षांची आणि नंतर पाच-पाच वर्षांची मिळते. म्हणून भिंतीवर लावलेल्या जुन्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर समाधान मानू नकोस, मुदत वाच.

तिसरा कागद लेखापरीक्षकाने सही केलेला मागच्या वर्षाचा ताळेबंद आणि जमाखर्च. आकडे पाहून घाबरू नकोस. तीनच गोष्टी पाहा : पैसा आला कुठून, पगार आणि प्रत्यक्ष कामावर किती गेला, आणि शिल्लक कुठे ठेवली आहे.

चौथा कागद बँक खात्याचा तपशील. खातं संस्थेच्या नावाचंच हवं. अध्यक्षांच्या किंवा ‘समन्वयकां’च्या वैयक्तिक क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नकोस. स्कॅन केल्यावर पडद्यावर जे नाव येतं ते वाचूनच पुढे जा.

यात एक बारकावा आहे. पुष्कळदा प्रकल्पाचं नाव वेगळं आणि संस्थेचं वेगळं असतं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून चालतो, पण तो वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीचा प्रकल्प आहे. अशा ठिकाणी पावती, पॅन आणि मंजुरी मूळ संस्थेच्या नावाने येते. नावं जुळत नाहीत म्हणून गोंधळू नकोस, पण दोन्हींचा संबंध काय ते विचारून घे.

रोख आणि वस्तू

दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिलीस तर त्या देणगीवर वजावट मिळत नाही. चेक दे, ऑनलाइन पाठव किंवा यूपीआय कर. धान्य, ब्लँकेट, कपडे, औषधं अशा वस्तूंनाही ही वजावट नाही. वाढदिवसाला अनाथालयात जेवण घालायचं असेल तर बाहेरून डबे मागवण्यापेक्षा तेवढी रक्कम संस्थेच्या खात्यावर भर आणि त्या दिवसाचं जेवण तिथल्याच स्वयंपाकघरात होऊ दे. मुलांना ताजं जेवण मिळतं, संस्थेला हिशेब मिळतो आणि तुला पावती.

वस्तू द्यायच्याच असतील तर आधी फोन कर. गोकुळपेठच्या बाजारातून हौसेने आणलेल्या वह्यांचे गठ्ठे संस्थेकडे आधीच पडून असतात आणि फिनाइल, गॅस सिलिंडर, कूलरची मोटर यांना पैसे नसतात. विदर्भातला मे महिना तुला मी काय सांगू! लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत त्या महिन्याचं वीजबिल हीच सगळ्यात मोठी काळजी असते.

गणपती मंडळाची वर्गणी, गल्लीतला भंडारा, देवळाचा अन्नकोट यांना ‘देणगी पावती’ मिळाली तरी ८०जी बहुधा नसतं. एका विशिष्ट धर्मासाठी किंवा जातीसाठीच काम करणाऱ्या ट्रस्टालाही ते सहसा मिळत नाही. तिथे आनंदाने दे, पण करात धरू नकोस.

गुप्तदान करायचं तर असं कर

आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे आणि तो असावा. पण सेवाभावी संस्थेला निनावी पैसा दिला तर त्याचा भार तिच्यावर पडतो. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की संस्थेला त्यावर ३० टक्के कर भरावा लागतो. केवळ धार्मिक संस्थांना यातून वगळलं आहे, म्हणून देवाच्या हुंडीला हा प्रश्न येत नाही. अनाथालयाला, रुग्णालयाला तो येतो. म्हणून पॅन आणि पूर्ण नाव संस्थेच्या वहीत लिहू दे, आणि सोबत दोन ओळींचं पत्र दे की फलकावर, अहवालात किंवा कार्यक्रमात नाव येऊ नये. गुप्तताही राहते आणि संस्थेचा पैसाही वाचतो. सवलत नसतानाही रीतसर पावती घे असं मी म्हटलं, ते यासाठी.

मे महिन्याचा कागद

संस्थेने दिलेली साधी पावती आता वजावटीला पुरत नाही. २०२१-२२ पासून संस्थेला वर्षभराच्या देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे एका फॉर्ममध्ये (जुन्या कायद्यात १०बीडी) द्यावी लागते आणि त्यातून तुझ्या नावाचं प्रमाणपत्र (जुन्या कायद्यात १०बीई) निघतं. दोन्हींची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर संस्थेला रोज दोनशे रुपये शुल्क पडतं. पगारदारांची रिटर्नची मुदत बहुधा ३१ जुलै. म्हणजे चूक दुरुस्त करायला तुझ्याकडे दोन महिने असतात.

मे संपताना संस्थेला नम्रपणे आठवण कर. प्रमाणपत्र आलं की नाव, पॅन, रक्कम आणि वर्ष तपास. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तरी तुझी वजावट अडते. चूक दिसली तर लगेच कळव, संस्थेला दुरुस्त यादी भरता येते. बहुतेक संस्थांच्या देणग्या ऑफिस पगाराच्या कर-प्रमाणपत्रात (जुन्या फॉर्म सोळात) धरत नाही. त्या तुला स्वतः रिटर्नमध्ये, संस्थेचा पॅन आणि पत्ता देऊन भराव्या लागतात. देशभरातले आयकर अधिकारी ज्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत शिकतात, ती आपल्याच गावात छिंदवाडा रस्त्यावर आहे. अशा गावातल्या माणसाचे कागद तरी नीटच हवेत.

आणखी एक. जास्त रकमेची पावती फाडून निम्मे पैसे रोख परत देतो असं कुणी म्हणालं तर तिथून उठ. तो सरळ गुन्हा आहे, आणि त्यामुळे खऱ्या संस्थांवरचा विश्वास उडतो.

पैसा कशासाठी, ते लिहून दे

धर्मादाय संस्थेने वर्षभरातल्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के कामावर खर्च करावेत असा आयकर कायद्याचा दंडक आहे. पैसे पुढे न्यायचे तर वेगळे अर्ज भरावे लागतात. आता ३१ मार्चच्या संध्याकाळी आलेल्या देणग्यांचं खजिनदाराने काय करावं? मार्चमध्ये खातं भरतं आणि सप्टेंबरमध्ये आयांचे, स्वयंपाकिणींचे पगार कसे करायचे हा प्रश्न पडतो. म्हणून वर्षाची रक्कम बारा भागांत वाट आणि बँकेला दरमहा ती पाठवण्याची सूचना देऊन ठेव. तुला जड जाणार नाही, संस्थेला महिना आखता येईल, आणि मार्चची धावपळ तुझी तुलाच टळेल.

आईवडिलांच्या स्मरणार्थ कायम ठेव द्यायची असेल तर तसं लेखी दे, म्हणजे ती रक्कम मूळ निधीत जाते आणि फक्त व्याज खर्च होतं. तिथीच्या जेवणाच्या योजना अशाच चालतात. पण सगळेच देणगीदार ठेवी देऊ लागले तर चालू खर्चाला कोण? व्याजाचे दर उतरले की जुन्या ठेवीत आज एक वेळचं जेवणही निघत नाही. माझं सांगणं एवढंच की एक भाग ठेवीला द्यायचा असेल तर तीन भाग चालू खर्चाला दे, आणि त्या पत्रात लिही, ‘संस्थेला योग्य वाटेल तिथे वापरावा.’ पगाराला, भाड्याला, दुरुस्तीला पैसा देणारे फार थोडे असतात.

हेतू स्पष्ट लिहिला तर काय होतं, ते अमरावती रस्त्यावर जाऊन पाहा. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला मोठी संपत्ती दिली आणि ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी वापरावी असं नमूद केलं. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. आपल्या एलआयटीतून रासायनिक अभियंत्यांच्या कितीतरी पिढ्या शिकून बाहेर पडल्या. तुझी रक्कम लहान असली तरी हेतू लिहिण्याची रीत तीच.

परदेशातल्या भावंडांना हे सांग

धरमपेठेत घरटी एखादा मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे, आणि त्यांनाही द्यायचं असतं. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगी धरला जात नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचा पैसा मात्र ओसीआय कार्ड असलं तरी परकीय ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी हवी, आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यावरच आधी यावा लागतो. प्रेमापोटी दादाने नागपूरच्या साध्या खात्यात डॉलर पाठवले तर संस्था अडचणीत येते. पाठवण्याआधी विचारायला सांग. आणि भारतातली वजावट भारतातल्या उत्पन्नावरच मिळते, हेही सांग.

जवळचं निवड, आणि जाऊन ये

सगळीकडे थोडं थोडं देऊ नकोस. दोन संस्था निवड : एक पायी किंवा स्कूटरने जाता येईल अशी, एक विदर्भातली लांबची. जवळच्या संस्थेत वर्षातून दोनदा तरी जा, आधी कळवून आणि कार्यक्रम नसताना. मुलांसोबत फोटो काढू नकोस, त्यांना त्यांच्या घरची गोष्ट विचारू नकोस. स्वयंपाकघर पाहा, संडास पाहा, कामवाल्या बायांशी बोल. जिथे त्या बाया वर्षानुवर्षं टिकल्या आहेत, तिथे काम बरं चाललं आहे असं समज. ताळेबंदात न दिसणारं खूप काही अशा अर्ध्या तासात कळतं.

मग निदान पाच वर्षं तीच संस्था धर. मोठ्या रकमेच्या एका देणगीपेक्षा दरमहा न चुकता येणाऱ्या पाचशे रुपयांवर खजिनदाराला जास्त भरवसा वाटतो, कारण त्या भरवशावर एखाद्या बाईला कामावर ठेवता येतं.

तर या आठवड्यात एवढं कर. संस्थांची नावं काढ, त्यांना ८०जी मंजुरी आणि मागच्या वर्षीचा ताळेबंद मागणारा मेल लिही, आणि येत्या शनिवारी जवळच्या संस्थेत जाऊन ये. पटलं तर दरमहाची रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाईल अशी लाव. जून-जुलैत रिटर्न भरताना किती कर वाचला ते एका कागदावर लिहून ठेव आणि ऑगस्टपासून त्याचा बारावा भाग महिन्याच्या रकमेत वाढव. अडलं तर मला फोन कर. चारही कागद घेऊन बसू आणि एकेक ओळ वाचू.